पीएम आवास ग्रामीण (घरकुल) : पैसे खरे मिळतात, पण आधी जागा पाहिजे राव. ५ पैकी ३ स्टार

मोबाईलचे, मिक्सरचे रिव्ह्यू सगळे टाकतात, सरकारी योजनेचा कोणी टाकत नाही, म्हणून हा टाकतोय. बीड जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीक विमा, लाडकी बहीण, जातीचे दाखले, हॉल तिकीट सगळं चालतं, पण वर्षभर सगळ्यात जास्त विचारणा कशाची तर घरकुलाची. "दादा, घरकुलाचा फॉर्म कधी सुटतोय" हे दिवसातून कितीदा ऐकतो त्याचा हिशोबच नाही. मी स्वतः लाभार्थी नाही, पण माझ्या सख्ख्या आत्याचं प्रकरण सर्वेपासून स्लॅबपर्यंत मीच हाताळलंय आणि गावातल्या निम्म्या प्रकरणांचे कागद माझ्याच मशीनवरून गेलेत, तेव्हा हे ऐकीव नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. या योजनेत "फॉर्म भरला" असं काही नसतं. तुम्ही अर्ज करत नाही, तुमचा सर्वे होतो, मग यादी लागते, ती ग्रामसभेपुढे जाते, मग प्रतीक्षा यादी. जुन्या लोकांचं नाव २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणनेच्या यादीतून आलं, ती आपल्याकडची ब यादी. त्यातून राहिलेल्यांचा २०१८ ला आवास प्लसचा सर्वे झाला, ती ड यादी. "माझं ड मध्ये नाव हाय" असं लोक एखाद्या परीक्षेचा नंबर सांगावा तसं सांगतात. तेव्हा कोणी तुमच्याकडून घरकुलाच्या फॉर्मचे म्हणून पाचशे रुपये मागत असेल तर सरळ उठून या. माझ्या दुकानात प्रिंटचे पैसे लागतात, फॉर्मचे नाही, कारण फॉर्मच नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने योजना २०२९ पर्यंत वाढवली, देशात अजून दोन कोटी घरं म्हणून, आणि नवीन सर्वे आवास प्लस २०२४ ॲपवर घेतला. याच्यात पहिल्यांदा एक भारी गोष्ट केली, स्वतःचा सर्वे स्वतः करता आला. आधी सगळं ग्रामसेवकाच्या मर्जीवर, तो ज्या गल्लीत गेला त्या गल्लीचे सर्वे झाले, या वेळी निदान हातात मोबाईल असलेल्या माणसाला कोणाच्या पाया पडायची गरज राहिली नाही. ॲपमधले प्रश्न समजतात, घरात माणसं किती, चूल कसली, संडास आहे का, भिंत कशाची छप्पर कशाचं. याला पूर्ण मार्क.

पण त्यात चेहरा दाखवून आधारची ओळख पटवावी लागते आणि तिथे आमच्या आत्याने जो धिंगाणा घातला तो सांगायलाच पाहिजे. ॲप म्हणतं डोळे मिचकावा. आत्या डोळे मिटते आणि देवापुढे उभी राहिल्यासारखी मिटूनच ठेवते. मी म्हणतो आत्या उघड, ती उघडते तोपर्यंत वेळ संपलेला. परत. मग पदर डोक्यावर, ॲपला कपाळ दिसेना, ती पदर काढायला तयार नाही कारण समोर तिचे दीर बसलेले. शेवटी दिराला चहा आणायला पाठवला, आत्याला पत्र्याच्या शेडमधून बाहेर उजेडात लिंबाखाली उभं केलं आणि नातीला समोर डोळे मिचकावायला लावलं, नातीचं बघून आत्याला हसू आलं, हसताना डोळे मिचकावले गेले आणि ॲपने हिरवी टिक दिली. पुढे परत सर्वे निघाला आणि म्हातारी माणसं घेऊन हे करायचं झालं तर सांगतो, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात करा, उन्हाकडे पाठ नको, आणि एका मोबाईलवरून एकच स्वयंसर्वे होतो हे लक्षात ठेवा, म्हणजे माझ्या दुकानात येऊन माझ्या फोनवरून करायचं म्हणाल तर जमणार नाही, माझा फोन आत्याला गेला.

ॲपमध्ये आत्ताच्या घराचा फोटो आणि जिथे घर बांधणार त्या जागेचा फोटो लागतो, दोन्ही तिथे उभं राहूनच, लोकेशनसकट. वर घराची डिझाइनं दाखवतात, रंगीत, थ्रीडी, ओटा, खिडकी, पायऱ्या, सगळं. आत्याने खूप वेळ बघून ज्याला पुढे ओटा आहे ते निवडलं.

आणि आता मुद्द्यावर येतो. आत्याला हे सगळं करता आलं कारण तिच्या नावावर गावठाणात जागा आहे. नवरा वारल्यावर दिरांनी भांडून का होईना पण वाटणी करून दिली, नमुना नंबर आठचा उतारा तिच्या नावाने निघतो. पडकं घर, वर फाटके पत्रे, पण उतारा आहे. आमच्याच गावाच्या बाहेर गायरानावर जी पालं आहेत, बांबू रोवून वर ताडपत्री टाकलेली, त्यातल्या एका जोडप्याचा सर्वे करायला मी बसलो आणि "प्रस्तावित जागेचा फोटो" या ठिकाणी येऊन थांबलो. जागाच नाही तर फोटो कशाचा काढू? नवरा म्हणाला, "दादा, हिथलाच काढा की, आमी हिथंच राहतो." आता गायरानावरचा फोटो टाकून सर्वे कसाबसा पुढे जाईल पण मंजुरीच्या वेळी उतारा मागणार, तेव्हा काय द्यायचं?

गंमत बघा, नियमात काय लिहिलंय. ज्याला डोक्यावर छप्परच नाही, जो भीक मागून जगतो, वेठबिगारीतून सोडवलेला, हाताने मैला साफ करणारा, आदिम जमातीतला, अशांची नावं आपोआप घ्यायची, त्यांना कसली अट लावायची नाही. म्हणजे कागदावर बेघर माणूस सगळ्यात पुढे. भूमिहीन असेल तर जागा राज्याने द्यायची हेही त्याच नियमात आहे. पण प्रत्यक्षात ऑफिसात गेलं की पहिला प्रश्न, "उतारा आणलाय का?" ज्याला घर नाही त्याच्याकडे घर असलेल्या माणसाचे कागद मागायचे, ही या योजनेची सगळ्यात मोठी खोड आहे आणि माझे दोन स्टार तिथेच गेलेत.

जागेसाठी योजना नाही असं नाही हां. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य, २०१५ पासून आहे, पाचशे चौरस फुटापर्यंत जागा घ्यायला आधी पन्नास हजार द्यायचे, आता एक लाखापर्यंत केलंय. चांगलंय. फक्त ती मिळवायला तुमचं नाव आधी घरकुलाच्या यादीत पाहिजे, मग जागा विकणारा पाहिजे, आणि आपल्याकडे तुकडेबंदी (जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी) असल्यामुळे अर्धा-एक गुंठा सरळ खरेदीखताने होत नाही, घरकुलासाठी सूट आहे पण ती कलेक्टरच्या परवानगीने. विकणारा म्हणतो पैसे आधी, ऑफिस म्हणतं कागद आधी. रस्त्याकडेची जागा लाखात कोण देणार, मग मिळते ती ओढ्याकाठची. गायरानावरचं अतिक्रमण नियमित करायचं तर २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या जगपाल सिंग निकालापासून ते फारच अवघड झालंय, गावठाणातलं किंवा दुसऱ्या सरकारी जागेवरचं जुनं राहतं घर असेल तर अजून काहीतरी हालचाल होते. तेव्हा ज्यांना जागा नाही त्यांनी हप्त्याच्या चौकशा करत बसू नका, सगळा जोर आधी जागेच्या प्रस्तावावर लावा आणि ग्रामसभेत तो विषय लेखी घ्यायला लावा, प्रोसिडिंगची नक्कल मागून घ्या. तोंडी बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता पैशाचं. केंद्र-राज्य साठ-चाळीस मिळून १,२०,००० रुपये साध्या भागात, डोंगरी भागात १,३०,०००. हा आकडा २०१६ ला योजना आली तेव्हाचा आहे आणि अजूनही तोच आहे. सिमेंटची गोणी तेव्हा कितीला होती आणि आता कितीला आहे हे गवंड्याला विचारा. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने आपल्याकडून पन्नास हजार वाढवले, म्हणून पेपरात मोठ्या बातम्या आल्या, पण त्यातले पस्तीस हजारच बांधकामाचे, पंधरा हजार छपरावर सोलर बसवलं तरच. शिवाय रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० होतात, आणि संडासचे बारा हजार. सगळं धरून दोन लाख दहा हजाराच्या आसपास. आणि कमीत कमी घर किती पाहिजे, तर पंचवीस चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. आमच्याकडे मजुरी-मटेरियल धरून फुटाला बाराशेच्या खाली कोणी बोलत नाही, गुणाकार करून बघा, सव्वातीन लाखाला टेकतो. वरचे लाख-सव्वा लाख कुठून आणायचे? नियमात सत्तर हजारांपर्यंत कमी व्याजाचं कर्ज आहे. ते मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय.

पण जे मिळतं ते थेट खात्यात येतं, हे मान्य करायलाच पाहिजे. ठेकेदार नाही, घर तुम्ही स्वतः बांधायचं हा नियमच आहे, आणि मंजुरी शक्यतो बाईच्या नावाने नाहीतर दोघांच्या नावाने. आत्याच्या खात्यात पहिला हप्ता पंधरा हजार आला तेव्हा मेसेज वाचून दाखवायला ती दुकानात आली, वाचून झाल्यावर म्हणाली परत वाच. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याला मोठा कार्यक्रम घेऊन राज्यात एका दिवसात वीस लाख मंजुरी पत्रं वाटली, त्यातल्या दहा लाखांना पहिला हप्ता, एवढ्या लोकांना मधे कोणी न खाता पैसे पोचणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. याच्या आधीच्या इंदिरा आवास योजनेच्या काळातल्या गोष्टी आमचे वडील सांगतात, तेव्हा विटा कागदावर यायच्या आणि कागदावरच रचल्या जायच्या.

आता पंधरा हजारात काय होतं ते सांगतो. पाया खोदायला जेसीबी, दगड, थोडी खडी, संपले. पुढचा हप्ता कधी, तर जोतं झाल्यावर. इंजिनिअर येणार, तुम्हाला जोत्यावर उभं करून फोटो काढणार, ॲपवर चढवणार, मग वरून पैसे सुटणार. मग लेंटल, मग स्लॅब, तसेच फोटो. कल्पना बरोबर आहे, फुकट पैसे घेऊन कोणी मोटरसायकल घेऊ नये म्हणून. पण म्हणजे काम आधी तुमच्या पैशाने करायचं आणि मग सरकार भरून देणार. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला ही पद्धत बरी, ज्याच्याकडे नाहीत तो जोत्यावरच अडकतो. आमच्या भागात अर्धवट जोती बघायची असतील तर कुठल्याही वस्तीवर चला, त्यात गवत वाढलेलं दिसेल, शेळ्या बांधलेल्या दिसतील.

आणि आमचा जिल्हा ऊसतोडीचा. लोक जोत्यासाठी पैसे कुठून आणतात, तर ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतात. उचल घेतली की दसरा-दिवाळीला कोयता घेऊन निघावंच लागतं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांमध्ये. तोपर्यंत इकडे काय होतं, हप्ता येतो पण बांधायला माणूस नाही, किंवा इंजिनिअर येतो आणि घराला कुलूप, फोटोत लाभार्थी पाहिजे आणि लाभार्थी कारखान्यावर. मग नोटीस निघते की मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पूर्ण केलं नाही. माणूस परत येतो, पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत अडीच-तीन महिनेच मिळतात बांधायला, त्याच वेळी पाण्याची बोंब, टँकर. सर्वेचंही तेच, नवीन सर्वे सुरू झाला तेव्हा आमची निम्मी वस्ती फडात होती. मुदत वाढत गेली म्हणून बरं, परत आलेल्यांचे सर्वे उन्हाळ्यात झाले. मुंबई-दिल्लीत बसून कॅलेंडर बनवणाऱ्यांनी एकदा कारखान्याचा पट्टा कधी पडतो, म्हणजे हंगाम कधी संपतो, ते बघून हप्ते सोडले ना, तर वर एक रुपया न वाढवता हजारो घरं पूर्ण होतील असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळूचं थोडक्यात. घरकुलवाल्याला पाच ब्रास वाळू फुकट असा नियम आहे, पास मिळतो. वाहतूक तुमची. वाळूचा घाट जवळ असेल तर फायदा, आमच्यासारखा लांब असेल तर ट्रॅक्टरवाला एवढं भाडं सांगतो की फुकटची वाळू फुकट राहत नाही. आत्याने शेवटी क्रश सँड टाकली.

फोटो चढवायला "थोडं बघा ना" म्हणणारे भेटतात का? भेटतात. सगळे नाहीत. आत्याच्या वेळचा इंजिनिअर पोरगा चांगला होता, कंत्राटी, तो तरी किती ठिकाणी पळणार, एकट्याकडे गावांची ही लांबलचक यादी. पण गावात एका घरी फोटो काढायला हजार घेतले हेही माझ्या समोरचं आहे. असं कोणी मागितलं तर तुमच्या प्रकरणाची ऑनलाइन स्थिती आधी बघून घ्या, नोंदणी नंबर टाकला की कुठला हप्ता सुटला, कुठला फोटो चढला ते दिसतं. बऱ्याचदा फोटो आधीच चढलेला असतो आणि समोरचा नुसतीच भीती घालत असतो. हे बघून द्यायचे मी पैसे घेत नाही, कोणीही घेऊ नये.

कोण बसतं कोण बसत नाही याच्यावर गावात सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून तेही सांगतो. आधी टू-व्हीलर, फ्रिज असला तरी नाव कटायचं, आता ते काढून टाकलंय आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा दहावरून पंधरा हजार केली. चारचाकी किंवा तीनचाकी असेल, घरात सरकारी नोकर असेल, इनकम टॅक्स किंवा प्रोफेशनल टॅक्स भरत असाल, पन्नास हजार किंवा वरच्या मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असेल, अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत असेल तर नाही बसत. रिक्षा चालवून पोट भरणारा भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस यात कटतो आणि दोन एकर बागायतवाला बसतो, हे मला पटत नाही.

अनुसूचित जातीतल्यांनी रमाई, आदिवासींनी शबरी, भटक्या-विमुक्तांनी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, ओबीसींनी मोदी आवास, याही बघून ठेवा, पीएम आवासच्या यादीत नाव नाही म्हणून घरी बसू नका. यातल्या काहींना खरोखरचा अर्ज असतो, जातीच्या दाखल्यासकट. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांच्यासाठी पीएम जनमनमधून दोन लाख आहेत, आमच्या जिल्ह्यात ते लोक कमी त्यामुळे त्याचा अनुभव मला नाही. पालावरच्या त्या जोडप्यासाठी मी मुक्त वसाहतचाच रस्ता धरलाय, कारण तिथे जागेसकट वसाहतीचा विचार आहे, फक्त जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो आणि पिढ्यानपिढ्या फिरणाऱ्या माणसाकडे १९६१ च्या आधीचा पुरावा कुठून येणार, तर आजोबांचं नाव कुठल्या शाळेच्या रजिस्टरला सापडतं का ते शोधणं चालू आहे. शाळेचे गुरुजी मदत करतायत.

शहरवाले विचारतील म्हणून सांगतो, तुमच्याकडे शहरी आवास २.० आहे, स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख. तिथेही स्वतःची जागा हा शब्द आहेच. फुटपाथवर झोपणाऱ्याला फार तर रात्रनिवारा.

आत्याचं घर झालं. स्लॅब पडला, गिलावा बाहेरून राहिलाय, फोटोतल्यासारखा ओटा काही बसला नाही पैशात, त्या ऐवजी दोन पायऱ्या टाकल्या. वरचे पैसे तिने बचत गटातून आणि पोरीकडून उभे केले, उचल घ्यावी लागली नाही हे नशीब. ज्यांच्याकडे उतारा आहे आणि लाखभर रुपयांची सोय आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावी अशी योजना आहे. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांना खरी गरज आणि त्यांनाच ती सगळ्यात लांब.

आणि एक, खात्याचं बघा. हप्ता आधारला जोडलेल्या खात्यात जातो, तुम्ही दिलेल्या पासबुकात जाईलच असं नाही. एका बाईचा हप्ता तिने कधीतरी मेळाव्यात उघडलेल्या, विसरूनही गेलेल्या खात्यात जाऊन पडला होता आणि ती इकडे ऑफिसचे उंबरे झिजवत होती. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारा, केवायसी राहिली असेल तर करून घ्या, मग बाकीच्या कागदांना हात लावा. दुकान बाजाराच्या दिवशी गच्च असतं, त्या दिवशी येऊ नका.